बर्फावरची फळी

नाही हो, पिशवी घेऊन खाली गुहेत नाही जाता येत. ठेवा इथं बाकावर, माझ्या डोळ्यांसमोर राहील, कुणी हात लावणार नाही – आणि लावायला आहे कोण इथं? सकाळपासून तुम्हीच पहिले. तो तपकिरी कोट नको, त्याची बाही उसवलीय, हा निळा घ्या – खाली भर उन्हाळ्यात दात वाजतात आणि तुमच्या अंगात हा एवढासा पातळ सदरा, शहरातली माणसं सगळी अशीच येतात, बागेत फिरायला निघाल्यासारखी. बूट बघू. अगं बाई! हे बूट घालून शिडी उतरणार? त्या खोक्यात रबरी आहेत बघा, तुमच्या मापाचे मिळतील, शिडी ओली असते, परवाच एक बाई सटकन घसरली, नशीब तिच्या खाली नवरा होता, त्याच्यावर आदळली. – काय? पिशवी जवळच राहू दे म्हणता? अहो, सोनं भरलंय का तिच्यात? नियम आहे बाबा. पूर्वी नव्हता, पूर्वी लोक पाठीवर वाट्टेल ते घेऊन उतरायचे. आता आहे. कुणी केला, कशाला केला ते सोडा, नियम आहे.

बरं, बसा मग जरा. चेहरा किती पांढरा पडलाय तुमचा – खालच्या गावापासून चालत आलात ना? गाडी वरपर्यंत येते, कुणी सांगितलं नाही? कॉफी घ्या. घ्या हो, आज कुणाला काही नाकारायचं नसतं, आज मोशीचा शनिवार. तुमच्याकडं बुखारेस्टात करतात का? करतात ना? मग सांगायला नको. गेलेल्यांचा दिवस. सकाळी चर्चमध्ये सगळ्या बाया आपापली भांडी घेऊन – आमच्याकडं मातीची नाहीत, लाकडाची, आम्ही लाकडातली माणसं – एकेका गेलेल्याच्या नावानं एकेक बादली, वीतभर उंचीची, तिच्यात पाणी, वर पाव, मेणबत्ती, आणि ती कुणाला तरी द्यायची, शेजारणीला, पोराटोरांना, वाटसरूला. इथं दिलेलं तिकडं त्याला पोचतं. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो, आणि नाव घेतो, की झालं. मी माझ्या आईची दिली, वडिलांची दिली, सासूची दिली – तिची सगळ्यात आधी, नाहीतर तिथनंसुद्धा बोलेल – आणि तोदेरची, माझ्या नवऱ्याची. ती खिडकीतली? ती एक उरली. दरवर्षी एक जास्तीची भरते मी. कमी पडायला नको म्हणून. बाकी काही नाही.

फळ्या ना? हो, आहेत खाली. बाहेरची पाटी वाचलीत वाटतं. आमच्या घरांच्या खुणा आहेत त्यांच्यावर. आता बसलाच आहात तर सांगते, म्हणजे खाली गेल्यावर त्यांच्यावर पाय देणार नाही. असं बघा, या वरच्या पठारावर पाणी नाही. पाऊस पडतो, बर्फ पडतो, सगळं खडकातल्या भोकांतनं खाली जातं, ना विहीर ना ओढा. शेत म्हणाल तर बटाटे आणि दगड, त्यात दगडच जास्त. मग माणसानं करायचं काय? तर आमचे पुरुष हिवाळाभर पिंपं करायचे, बादल्या करायचे, आणि बर्फ वितळला की घोडागाडी भरून खाली मैदानात विकायला निघायचे, पार डॅन्यूब नदीपर्यंत, पिंपाच्या बदल्यात धान्य. महिनोन् महिने पत्ता नाही. कुणी परत यायचा, कुणी नाही – नदीत गेला, चोरांनी मारला, नाहीतर मैदानातली एखादी गुबगुबीत बाई भेटली आणि तिथंच राहिला, इथं बसून काय कळणार? म्हणून ही गुहा. निघायच्या दिवशी पुरुषानं शिडी उतरून पिंपाची एक फळी बर्फावर ठेवायची. फळीवर घराची खूण डागलेली, आणि खाली त्यानं स्वतः चाकूनं कोरलेलं काहीतरी, त्याचं त्याचं. परत आला की घरात पाऊल टाकायच्या आधी – आधी बरं का, बायको दारात उभी असली तरी – गुहेत जायचं, आपली फळी उचलायची आणि ती काखेत मारून घरी यायचं. त्याच फळीच्या जाळावर बायको जेवण करणार. आणि नाही आला तर? तर बर्फ आहेच. दर हिवाळ्यात वरनं पाणी ठिबकतं, गोठतं, नखाएवढा थर चढतो. फळी हळूहळू आत जाते. ज्या दिवशी तिच्यावरची खूण दिसेनाशी होते त्या दिवशी घरच्यांनी समजायचं. मग पाद्रीबाबा प्रार्थना म्हणतात, आणि पुढच्या मोशीला त्याच्या नावाची बादली निघते. त्याच्या आधी नाही. फळी दिसतेय तोवर त्याचं नाव गेलेल्यांत घ्यायचं नाही, बायकोनं काळं घालायचं नाही. – कठोर वाटतं? नाही हो, उलट. आता वाट बघणं पुरे, असं कुणीतरी सांगावं लागतं ना? आपल्या माणसांच्यानं ते सांगवत नाही. बर्फानं सांगितलं की ऐकतो आपण.

किती जुनं ते कसं सांगू. क्लुजच्या विद्यापीठातली माणसं आली होती एका वर्षी, लांब नळी घेऊन, बर्फात भोक पाडून आतनं काठीसारखा लांबच लांब बर्फ काढला, त्याच्यावर पट्टेच पट्टे, घोंगडीवर असतात तसे. एक दाढीवाला होता, भला माणूस, माझ्याकडची सगळी चीजपोळी खाऊन गेला, तो म्हणाला, सवेताबाई, हा वरचा पट्टा तुमच्या लग्नाच्या वेळचा, हा तुमच्या पणजीच्या, आणि हा इथला येशूच्या कितीतरी आधीचा – आणि त्यात कोळसा होता. मशालीचा. म्हणजे तेव्हासुद्धा कुणीतरी हातात जाळ धरून खाली उतरलं होतं. मी म्हटलं, पाण्याला आलं असणार, माझ्या आजीनंसुद्धा सुक्या उन्हाळ्यात इथनंच बर्फ फोडून नेलाय. तो म्हणाला, असेलही. पण मग त्यांना बर्फाच्या पायथ्याशी, तो खालनं वितळतो ना, तिथं एक लाकूड मिळालं. एवढंसं, तळहाताएवढं, काळं ठिक्कर, त्याच्यावर खाचा, एकीशेजारी एक. मी विचारलं, खूण आहे का कुणाची? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही, एखाद्या शिडीचा तुकडाही असेल. असेल, तो शिकलेला, त्याला जास्त कळणार. पण माझ्या डोक्यातनं जाईना. कारण खूण असेल तर – ज्यानं ठेवली तो परत आलाच नाही, नाही का? आला असता तर त्यानं ते उचललं असतं, चुलीत गेलं असतं. आणि वर त्याचं कुणी असेल की नाही, आई म्हणा, रोज या खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकून बघणारी? तिच्या वेळी ना चर्च, ना पाद्री, ना मोशी. तिनं काय केलं असेल हो? कुणाच्या हातात पाणी दिलं असेल तिनं? रात्र रात्र विचार करते मी त्या बाईचा. – कॉफी गार होतेय तुमची.

आता तुम्ही खाली जाल ना, तर डाव्या भिंतीशी फळ्यांचा ढीग दिसेल. त्या उघड्या पडलेल्या. बर्फ आता वाढत नाही. हिवाळे कसले, नुसता चिखल, ठिबकतं ते गोठतच नाही, होता तो थरसुद्धा उतरत चाललाय. आमच्या शेजारच्या रवेकाचा आजोबा – लढाईच्या आधी पिंपं घेऊन गेलेला, कधीच झाकला गेलेला, त्याच्या नावानं घरानं केवढ्या बादल्या दिल्या असतील – त्याची फळी एका उन्हाळ्यात वर आली. लख्ख. काल ठेवल्यासारखी. रवेका धावत आली, सवेते, आजोबा दिसायला लागला गं, आता काय करू, जेवायला काय करू त्याच्यासाठी? हसा, हसा, आम्हीसुद्धा हसलो, पोट धरून हसलो दोघी, आणि मग ती शिडीच्या पायरीवर बसून अशी रडली म्हणता, ज्या माणसाला तिनं कधी पाहिलासुद्धा नाही त्याच्यासाठी. पाद्रीबाबा म्हणाले, झाकलेला तो झाकलेला, उघडा पडला म्हणून कुणी उठून येत नाही. तेव्हा आम्ही बोलत होतो, मी आणि रवेका. आता नाही बोलत.

का म्हणजे, असंच. बायकांची भांडणं. – नाही, सांगते की, त्यात लपवण्यासारखं काय आहे? माझा मुलगा, ग्लिगोर. एकुलता एक. तुझ्याएवढाच – अरेतुरे केलं, राग नको हं धरू, तुझ्याएवढाच असेल तो आता. पिंपं आता कोण घेतं, सगळीकडं प्लॅस्टिक, सगळी पोरं स्पेनला, तर हाही स्पेनला निघाला, तिथं प्लॅस्टिकच्या मांडवाखाली टोमॅटो पिकवतात त्या कामावर. तोदेर म्हणाला, आधी खाली जा, फळी ठेव. हा हसला. म्हणाला, बाबा, मी घोडागाडीनं चाललोय का? खिशात फोन आहे माझ्या, दर रविवारी करीन. तोदेर म्हणाला, फोन बर्फावर ठेवता येत नाही, फळी ठेव. शेवटी ठेवली, बापाचं मन राखायला. आमच्या घराची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि वर एक आडवी, दारासारखी, ती तोदेरनं डागली. खाली यानं चाकूनं कोकीळ कोरायला घेतला – वर झाडीत ओरडत होता ना त्या दिवशी – आणि झाली कोंबडी. अगदी कोंबडी! जाड, बुटकी, शेपटी वर. त्यात चाकू निसटला आणि मानेवर एक तिरका ओरखडा गेला. तोदेर म्हणाला, वा, कापूनसुद्धा ठेवलीस, बसमध्ये खायला घेऊन जा. असे हसलो आम्ही तिघं त्या बर्फावर उभे राहून, खाली आवाज घुमतो, सगळी गुहा हसायला लागली. त्यानंतर आम्ही तिघं एकत्र असे हसलो नाही कधी.

फोन करायचा पण. दर रविवारी, बोलल्याप्रमाणे. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आई, इथं थंडी नसते गं. मग एक रविवार गेला तसाच. मग पुढचाही. मग ती बाई बोलायला लागली फोनवर, स्पॅनिशमध्ये, रवेकाच्या सुनेनं अर्थ सांगितला – हा क्रमांक अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही म्हणे! मी तरी रोज लावायची, त्या बाईचा आवाजसुद्धा ओळखीचा झाला. गावातली पोरं तिकडं होती त्यांना विचारलं, एक म्हणाला बंदरावर कामाला गेला, दुसरा म्हणाला फ्रान्सला, तिसरा नुसता आपल्याच बुटांकडं बघत राहिला. पोलिसांत सांगितलं, तिकडच्या, इकडच्या. तोदेर त्याच हिवाळ्यात गेला, लाकूड फोडता फोडता, कुऱ्हाड हातात तशीच. पोराला कळवायचं कुठं? आणि मी दर वसंतात खाली जायची. चमचा घेऊन. साधा स्वैपाकघरातला चमचा, कुऱ्हाडीनं फळी फुटेल याची भीती. तेव्हा भिंतीशी बर्फ उतरायला लागला होता, पण मधे अजून थर चढायचा थोडा तरी. तो कोंबडीवरचा थर खरवडायची, फुंकर घालायची, डोक्यावरच्या रुमालानं पुसायची. असं करायचं नसतं. बर्फाला हात लावायचा नसतो. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी अडवलं नाही. पाद्रीबाबा भेटले एकदा शिडीवर, माझ्या हातात चमचा, म्हणाले, सवेता, सांभाळून, घसरशील. बस्. सगळ्या फळ्या धूसर, बर्फात बुडालेल्या, आणि मधोमध माझ्या पोराची स्वच्छ, आत्ता धुतल्यासारखी.

आणि मग – त्याला आता हा तिसरा उन्हाळा – मोशी होऊन गेली होती, गुहेत माणसं यायला लागली होती, एका सकाळी मी खाली गेले तर फळी नाही. नाहीच! जिथं होती तिथं तिच्या आकाराची खाच, तिच्यात पाणी साचलेलं. मी शिडी कशी चढले मला माहीत नाही रे. आला! उचलली त्यानं! रवेका, ग्लिगोर आला गं! घरी गेले, चूल पेटवली, मक्याचा मामालिगा शिजत टाकला, कोंबडी कापली – खरी – त्याच्या गादीला ऊन दाखवलं, सगळी आळी दारात उभी. संध्याकाळ झाली. लोक एकेक करून घरी गेले. सकाळ झाली. मामालिगा दगडासारखा घट्ट होऊन बसला पातेल्यात.

नाही आला. पण मला कळलं काय झालं असणार ते. ऐक. घराकडं यायची वाट चर्चच्या मागच्या कबरींमधनं येते. तो फळी काखेत मारून निघाला असणार, आणि वाटेत बापाचा क्रूस दिसला. त्याच्या डोळ्यांना नवा, त्याच्यावर नाव. त्याला ठाऊकच नव्हतं ना! मग कोणत्या तोंडानं दारात येणार? तो तसाच होता, लहानपणी कप फुटला तरी दिवसभर गवताच्या गंजीत लपून बसायचा, भुकेला राहायचा पण बाहेर यायचा नाही. आमच्या कुंपणाशी आलुबुखाराचं झाड आहे, त्याच्या खाली गवत दबलेलं होतं, माणूस बसल्यासारखं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रवेका म्हणते कुत्रं बसलं असेल. कुत्रं! तिथवर आला तो. मला बघितलं असेल चुलीशी धावपळ करताना, आणि गेला परत. म्हणजे आहे तो. कुठंतरी आहे, आणि त्याच्याजवळ ती कोंबडी आहे, आणि एक दिवस लाज मोडेल आणि येईल. मला राग नाही त्याचा. थोडा आहे. बापाला माती द्यायला नाही आला, आणि आला तो आईला तोंड न दाखवता गेला, राग येणारच. पण जो आहे त्याच्यावरच रागावतो ना आपण?

आणि रवेका काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, सवेते, कुणीतरी पाहुण्यानं नेली असेल गं, आठवण म्हणून. तीच एक मोकळी होती, बाकीच्या बर्फात घट्ट. भर चर्चच्या दारात म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या तोंडात माती पडो, आणि तेव्हापासून तिच्या सावलीला उभी राहिले नाही. पाद्रीबाबाही आडून आडून विचारतात, सवेता, या वर्षी त्याचं नाव घेऊया का प्रार्थनेत? मी म्हणते, फळी झाकली गेली का? नाही. त्यानं उचललीय. मग कसं घ्यायचं नाव? म्हणजे मला असं झालंय बघ – जिवंत म्हणून त्याची वाट बघणारी मी एकटी, आणि बाकी सगळं गाव मनातल्या मनात त्याला पुरून बसलंय.

असा काय बघतोस? मग पिशव्या कशाला बंद केल्या, असंच ना? – मीच केल्या, हो. त्याच उन्हाळ्यात. ती पाटीसुद्धा मीच रंगवली. बाकीच्यांच्या फळ्या आहेत खाली, त्या जपायला नकोत? रवेकाचा आजोबा आहे. माझ्यासाठी नाही केलं काही. माझी तर त्यानंच नेली ना. मग मला काय करायचंय कुणाच्या पिशव्यांत डोकावून? नाही डोकावत मी. डोकावायची पूर्वी, पहिलं वर्षभर, जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीकडं बघायची, पण ते असंच.

तू आधी आला होतास का रे इथं? मान हलवू नकोस नुसती, बोल. – कधी? नको. नको सांगूस. मित्रांबरोबर आला असशील, कॉलेजची पोरं येतात, दंगा करतात, गाणी म्हणतात, कोण लक्षात ठेवतंय. चांगलं केलंस परत आलास. उन्हं उतरायला लागली बघ, जा, खाली जाऊन ये. पिशवी घेऊन जा. हो, ने की, आज राहू दे नियम, मी बघतसुद्धा नाही तुझ्याकडं, मला हे कोट घड्या करायचेत – उघडू नकोस. अरे, उघडू नको म्हटलं ना! माझ्यासमोर नको.

हे काय, लाकूडच आहे. लाकडाला काय तोटा इथं, सगळा डोंगर भरलाय. आमचं नाही हे. खूण काय, दोन उभ्या आणि एक आडवी, सोपी आहे, कुणीही डागेल. कोंबडीही कुणीही कोरेल. मानेवरचा ओरखडा – चाकू कुणाच्याही हातनं निसटतो. – वर हे भोक कसलं? खिळ्याचं? भिंतीवर लावली होतीस. तुझ्या खोलीत. तुझी माणसं येता-जाता बघत असतील, म्हणत असतील, ही काय रे कोंबडी. आणि मी इथं म्हणत होते त्याला लाज वाटतेय. आणि मी त्या झाडाखालचं गवत कापू देत नव्हते कुणाला.

नाही आला होता तो. आलाच नव्हता रे.

रडू नकोस. तू कशाला रडतोस? तुला काय ठाऊक? स्वच्छ होती, सुटी होती, उचलावीशी वाटली. कोंबडी बघून हसला असशील – हसलास ना? तोदेरसुद्धा हसला होता. आणि स्वच्छ कुणी ठेवली होती? मी तो चमचा घेऊन बसले नसते तर गेली असती ती बर्फाखाली गुपचूप, तुला दिसलीसुद्धा नसती. मला बर्फ सांगत होता दरवर्षी, आणि मी दरवर्षी त्याचं तोंड दाबत होते. मीच घासूनपुसून तुझ्यापुढं ठेवली म्हण ना.

आणि आज काय करणार होतास? हळूच परत ठेवणार होतास खाली, म्हणून पिशवी सुटत नव्हती हातातनं. उद्या मी गेले असते, बघितलं असतं, म्हटलं असतं, आला होता! परत ठेवून गेला! परत चूल पेटवली असती मी, परत गादी उन्हात. मरेपर्यंत पुरलं असतं मला तेवढं. ठेव की मग. जा, ठेव. मी काही बघितलं नाही, आपण काही बोललो नाही, तू कॉफी प्यायलास आणि गेलास. जा ना... थांब. नको. तिला झाकायला बर्फच राहिला नाही खाली. तशीच उघडी पडून राहील, मी गेल्यावरसुद्धा, आणि वाकून बघायला कुणी नाही. इकडं दे. माझ्या मांडीवर दे. अशी. केवढी हलकी झालीय, सुकली पार तुमच्याकडं.

आता ती खिडकीतली बादली आण. बेतानं, त्यात इथलंच पाणी आहे, खालचं. पावही घे. मेणबत्ती मी लावते – नाही, तूच लाव, माझ्या मांडीवर ही आहे. हां. आता उचल, दोन्ही हातांनी. ही मी तुला दिली. घेणाऱ्यानं काय म्हणायचं ते ठाऊक आहे ना, तुमच्याकडंही करतात म्हणालास. मग म्हण. खाली बघून नको, इकडं बघ. देणाऱ्यानं म्हणायचं नसतं, आणि म्हणायचं असतं तरी माझ्यानं झालं नसतं, तू म्हण. नाव घेऊन. ग्लिगोर. तोदेरचा ग्लिगोर. देव त्याला...

हं.

नीट म्हणालास. पोचलं असेल.

आता जा. पाव वाटेत खा, टाकू नकोस कुठं. कोट राहू दे अंगावर, खाली उतरेपर्यंत गारवा वाढेल. आणि चर्चच्या अलीकडं निळं दार आहे, रवेकाचं, तिथं थाप मार, म्हणावं सवेतानं बोलावलंय. एवढंच सांग, जास्त बोलू नकोस, तुझ्या हातातली बादली बघून तिला कळेल. आणि जाताना बाहेरची पाटी उलटी कर. आज गुहा बंद.